थेट आयसीयूत रुजू होणाऱ्यांसाठी

बी.एस्सी. नर्सिंग संपल्यावर आधी दोन वर्षं जनरल वॉर्ड आणि मगच आयसीयू, हा सल्ला सरसकट लागू होतो असं मला वाटत नाही. थेट आयसीयू जमतं, पण पहिले काही महिने अनुभवी सिस्टर सोबत असायलाच हवी. मुलाखतीतच विचारा: ओरिएंटेशन (सुरुवातीचं प्रशिक्षण) किती आठवड्यांचं? व्हेंटिलेटरवरचा पेशंट एका नर्सकडे एकच असतो की दोन-तीन? उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरीकडे बघा.

अलार्म वाजला की आधी पेशंट बघायचा, मग स्क्रीन. व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म असेल तर श्वासाच्या ट्यूबमध्ये स्राव साचलाय का, ती दुमडलीय का, पेशंट ती चावतोय का हे तपासा. लो प्रेशर असेल तर बहुतेकदा कुठलं तरी कनेक्शन सुटलेलं असतं. नॉरअ‍ॅड्रेनलिनची (बीपी टिकवून धरणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आली की पुढची आधीच भरून ठेवा. बदलताना काही सेकंद खंड पडला तरी बीपी कोसळू शकतं. लघवीचं प्रमाण दर तासाला लिहा. ताशी, वजनाच्या दर किलोमागे ०.५ मिलीच्या खाली राहू लागलं तर राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. नवीन आहोत म्हणून गप्प बसायचं नाही, हे मी अगदी कळकळीनं सांगतेय.

पुढे याच क्षेत्रात राहायचं असेल तर भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याचा जरूर विचार करा.