देवदूत खरंच गातात का? नाताळच्या नाटिकेसाठी वचनं ताडून पाहायची आहेत

संडेस्कूल_सोलापूर

सर्वांना सलाम. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सोलापुरात संडे स्कूलची मुलं मेंढपाळांचा प्रसंग सादर करणार आहेत. संहितेत वाक्य असं आहे: 'देवदूतांचा थवा गात गात येतो, कुणाच्या हाती वीणा, कुणाच्या हाती खंजिरी.' यावर हरकत आली आहे की बायबलमध्ये देवदूत कुठेही गात नाहीत, ते फक्त बोलतात. मुलांना शिकवायचं ते वचनाला धरूनच असावं, म्हणून नेमकं विचारतो. लूक २ मध्ये, जिथे हा प्रसंग आहे, गायन आहे की नाही? नसेल, तर दुसरीकडे कुठे आहे का? आणि वाद्यं नेमकी कुणाच्या हातात आहेत? निम्मी मुलं पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांतली आहेत, त्यांच्या घरी तेलुगू बायबल वाचलं जातं. तिथला शब्दही कुणी सांगितला तर बरं होईल.

शब्दार्थ

हरकत अर्धी बरोबर आहे. लूक २:१३-१४ मध्ये 'गाणे' हे क्रियापद नाही. ग्रीकमध्ये दोन शब्द शेजारी येतात: 'आइनूंतोन', म्हणजे स्तुती करणारे, आणि 'लेगोंतोन', म्हणजे म्हणणारे. मराठीतही 'देवाची स्तुती करत म्हणाले' असंच आहे. पुढचं वाक्य, 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव', काव्यासारखं तोललेलं आहे, पण ते कुठल्या चालीवर होतं याबद्दल लूक काहीच लिहीत नाही. वाद्य तर एकही नाही. शिवाय 'थवा' नको, वचनात 'स्वर्गातील सैन्य' आहे.

यशया ६:३ मध्येही तसंच. सराफीम, म्हणजे सहा पंखांचे स्वर्गीय प्राणी, एकमेकांना हाक मारून 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणतात. हिब्रू क्रियापदं 'कारा' आणि 'आमार', म्हणजे पुकारणे आणि म्हणणे. प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) ५:११-१२ मध्ये तर देवदूतांची संख्या 'लाखो लाख आणि हजारो हजार', आणि तेही मोठ्या आवाजात 'म्हणतात'.

गायनाच्या सर्वांत जवळ जाणारं वचन ईयोब ३८:७. पृथ्वीची कोनशिला बसवली तेव्हा प्रभातनक्षत्रांनी मिळून गायन केलं आणि देवपुत्रांनी जयघोष केला. 'देवपुत्र' कोण, हे त्याच पुस्तकात १:६ आणि २:१ वरून कळतं. ते परमेश्वरासमोर हजर होणारे स्वर्गीय सेवक आहेत. जुन्या ग्रीक भाषांतराने इथे सरळ 'माझे सर्व देवदूत' असा शब्द घातला. मात्र क्रियापदाकडे नीट पाहा. 'गायन केलं' हे 'रानान' या धातूवरून आलं आहे. त्याचा मूळ अर्थ आनंदाने उंच स्वरात साद घालणे, आणि त्यात गाणंही बसतं. देवपुत्रांसाठी वापरलेला धातू 'रूआ', म्हणजे ललकारी. यरीहोची भिंत पडली तेव्हा लोकांनी जी आरोळी ठोकली, तिलाही हाच धातू आहे. काटेकोर बोलायचं तर 'गायन' नक्षत्रांच्या वाट्याला आलं आणि 'ललकारी' देवपुत्रांच्या. पण हिब्रू काव्यात दुसरी ओळ बहुधा पहिलीचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगते, त्यामुळे दोन्ही ओळी एकाच समुदायाबद्दल असाव्यात असं मला वाटतं.

पेटी_आणि_पाठ

वरचं सगळं मान्य. पण 'म्हणाले' म्हणजे 'गायले नाहीत' हा निष्कर्ष काढू नका. निदान मराठी माणसाने तरी नाही! आपण गाणं म्हणतो, आरती म्हणतो, अभंग म्हणतो. 'एक गाणं म्हण' म्हटल्यावर कुणी वाचून दाखवत नाही.

आता हा झाला मराठीचा वाक्प्रचार, त्यावरून ग्रीकचा अर्थ ठरवता येणार नाही. तरी ग्रीक पाठातही पुरावा आहे. प्रकटीकरण ५:९ उघडा: 'आदूसिन ओदेन काइनेन लेगोंतेस', 'ते नवे गीत गातात, म्हणत की...' गाणे आणि म्हणणे एकाच वाक्यात, आणि गीताचे शब्द 'म्हणणे'च्या मागोमाग. १५:३ मध्ये मोशेचं गीतही असंच येतं. निर्गम १५:१ ची हिब्रू रचनाही तीच: मोशे व इस्राएल लोकांनी गीत गायलं आणि ते म्हणाले. म्हणजे 'म्हणाले' या शब्दाने गायन सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही.

तेलुगूबद्दल: लूक २:१३ मध्ये 'देवुनि स्तोत्रमु चेयुचु' असा प्रयोग आहे. इथे मुलांचा गोंधळ होऊ शकतो. मराठीत स्तोत्र म्हटलं की म्हणायची, गायची रचना डोळ्यांपुढे येते, आपण तर पुस्तकालाच स्तोत्रसंहिता म्हणतो. तेलुगू मंडळींत 'स्तोत्रम' म्हणजे स्तुती, धन्यवाद. शब्द एक, पण तेलुगूतल्या 'स्तोत्रमु'वरून देवदूत गायले असं ठरत नाही. वर्गात हे दोन मिनिटांत समजावता येईल.

संडेस्कूल_सोलापूर

फार उपयोगी. मग प्रकटीकरण ५:९ मध्ये 'गातात' हे स्पष्ट आहे. तिथे गाणारे देवदूतच ना? आणि वीणाही तिथेच आहेत.

शब्दार्थ

इथेच बहुतेक जण चुकतात. ५:८-९ मध्ये गाणारे म्हणजे देवाच्या राजासनाजवळचे चार प्राणी आणि चोवीस वडील, म्हणजे ज्येष्ठ मंडळी. ११ व्या वचनात प्रकटीकरणाचा लेखक योहान लिहितो की राजासन, प्राणी आणि वडील यांच्या सभोवती 'पुष्कळ देवदूत' होते. म्हणजे तो या तिघांना वेगळं मोजतो. ७:११ मध्येही पुन्हा तेच.

मात्र चार प्राण्यांचा प्रश्न इतक्यात मिटत नाही. त्यांना प्रत्येकी सहा पंख आहेत (४:८), ते यशयाच्या सराफीमांसारखे, आणि यहेज्केल १०:२० मध्ये असेच प्राणी 'करूब' (पंख असलेले स्वर्गीय प्राणी) म्हणून ओळखले जातात. करूब आणि सराफीम यांना तुम्ही देवदूतांत धरत असाल, तर ५:९ मध्ये देवदूत गातात. 'देवदूत' म्हणजे निरोप घेऊन जाणारा एवढाच अर्थ धरलात, तर नाही. हरकत घेणारे आणि तुम्ही हा शब्द एकाच अर्थाने वापरताय का, ते आधी विचारून घ्या. निम्मा वाद तिथेच निघून जाईल.

वीणांबद्दल: ग्रीक शब्द 'किथारा', म्हणजे हातात धरायचं छोटं तंतुवाद्य. चित्रांत दिसणारी जमिनीवर टेकवलेली उंच हार्प किंवा आपली भोपळ्याची वीणा डोळ्यांपुढे आणू नका. ५:८ मधला 'प्रत्येकाजवळ' हा ग्रीक प्रयोग पुल्लिंगी आहे. 'वडील' पुल्लिंगी, 'प्राणी' नपुंसकलिंगी, त्यामुळे वीणा आणि धुपाच्या सोन्याच्या वाट्या वडिलांच्याच हातात असाव्यात, एकूण २४. १ इतिहास २५ मध्ये मंदिराच्या गायक-वादकांचे २४ गट आहेत, प्रत्येकी १२ जण, एकूण २८८. तो २४ चा आकडा योहानाच्या मनात असावा असं मला वाटतं. प्रकटीकरण १५:२ मधल्या वीणा श्वापदावर, म्हणजे देवाच्या शत्रूवर, विजय मिळवलेल्या माणसांच्या हातात आहेत.

वीणा हाती असलेला देवदूत मला एकाही वचनात सापडत नाही. तो चित्रांतून आला. १४३२ साली पूर्ण झालेल्या घेंटच्या वेदीचित्रात गाणाऱ्या आणि ऑर्गन वाजवणाऱ्या देवदूतांचे वेगळे फलकच आहेत. इंग्रजी नाताळगीतांचाही यात वाटा आहे. चार्ल्स वेस्लीच्या १७३९ च्या प्रसिद्ध नाताळगीताची पहिली ओळ आकाश दुमदुमण्याबद्दल होती. 'देवदूत गातात' हे शब्द जॉर्ज व्हाइटफील्डने १७५३ मध्ये घातले.

पेटी_आणि_पाठ

एक वाद्य देवदूतांच्या हातात निश्चित आहे: कर्णा. प्रकटीकरण ८:२ मध्ये सात देवदूत, सात कर्णे, आणि मत्तय २४:३१ मध्ये कर्ण्याच्या मोठ्या नादाबरोबर ते निवडलेल्यांना गोळा करतात. पण कर्णा हे इशाऱ्याचं वाद्य. गणना १० मध्ये चांदीचे दोन कर्णे कशासाठी, तर लोकांना जमवायला आणि तळ हलवायला. शिंगाच्या कर्ण्यातून तर जेमतेम दोन-तीन स्वर निघतात, त्यावर चाल बसत नाही. मेंढपाळांच्या प्रसंगात कर्णा नाहीच, म्हणून कीबोर्डवर तुतारीचा आवाज लावू नका.

दोन गोष्टी अनेकदा ऐकायला मिळतात, त्याही मुलांच्या कानावर चुकीच्या जाऊ नयेत. एक, सैतान आधी स्वर्गातला मुख्य गायक होता. याला आधार देतात यहेज्केल २८:१३ चा, कारण काही भाषांतरांत तिथे डफ आणि बासऱ्या आहेत. तो विलाप सोरच्या राजाबद्दल आहे. 'तोफ' म्हणजे डफ, पण 'नेकेब'चा अर्थ भोक किंवा खाच, आणि आसपास सगळी रत्नांची यादी आहे. म्हणून नवी भाषांतरं रत्न बसवायची कोंदणं असा अर्थ घेतात. मुख्य गायकाचं पद तर त्या अध्यायात कुठेच नाही. दुसरी गोष्ट, तारण झालेलेच गाऊ शकतात, देवदूतांना गाता येत नाही. प्रकटीकरण १४:३ मध्ये तारण झालेल्या १,४४,००० जणांखेरीज कुणाला 'ते' गीत शिकता येईना, एवढंच आहे. एका गीताबद्दलचं वाक्य सगळ्या गायनाला लावता येत नाही.

आता नाटिका. संहितेतलं वाक्य असं करा: 'इतक्यात स्वर्गातील सैन्याचा समुदाय देवाची स्तुती करत म्हणाला.' वीणा, खंजिरी काढून टाका. लूक २:९-१२ मध्ये देवदूत एकच आहे, तेव्हा त्याला एकट्याला बोलू द्या आणि त्याच्या बोलण्याखाली पेटी अजिबात नको. पेटीखाली मुलांची व्यंजनं बुडतात आणि मागच्या रांगेला नुसता सूर ऐकू येतो. मग बाकीची मुलं 'अकस्मात' यायला हवीत. एकेक करून चढवलीत तर तो शब्द वाया जातो, म्हणून पडद्यामागे आधीच दोन रांगांत उभी करा.

'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' हे एकाच स्वरावर म्हणवून घ्या, कीर्तनकार चाल सुरू करण्याआधी ओळ सुरात म्हणतो तसं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना काळी तीन झेपते. स्वर पेटीवर एकदा द्यायचा आणि पेटी थांबवायची. 'ऊर्ध्व' हा शब्द घाईत 'उर्द' होतो, तेव्हा आधी ऊर्‌-ध्व-लो-की असं तोडून टाळीवर दहा वेळा घ्या. श्वास 'लोकी'नंतर, 'देवाला'च्या मध्ये नाही. शेवटच्या 'गौरव'मधला 'व' मुलं गिळतात, तो खालचा ओठ वरच्या दातांजवळ आणून ऐकू येईपर्यंत थांबा. तेलुगू ओळ घ्यायची असेल तर मराठीनंतर, त्याच स्वरावर.

१५ व्या वचनात देवदूत निघून जातात. ते गेल्यावर मंडळी उभी राहून नाताळगीत म्हणेल, पेटी-तबला तेव्हा सुरू करा.

संडेस्कूल_सोलापूर

वाक्य बदललं, वाद्यं काढली. ईयोब ३८:७ मोठ्या मुलांच्या वर्गाला पाठांतरासाठी देतो.

शब्दार्थ

त्याच्याबरोबर सफन्या ३:१७ द्या. तिथे परमेश्वर स्वतः आपल्या लोकांविषयी आनंदाने गातो, आणि शब्द 'रिन्ना' आहे, ईयोबातल्या 'रानान'चाच.