अनुभव धागा: स्लिम लॅपटॉप, गेम आणि नागपूरचा उन्हाळा

वाळ्याची ताटी
काल कपाट आवरताना जुना स्लिम लॅपटॉप सापडला. चार्जर लावला, बराच वेळ काहीच नाही. मग एकदम पंखा घरघरला आणि मी फरशीवरच बसले. तोच आवाज!

२०१३ चा मे. नागपुरात पारा ४७.९ ला गेला, तेव्हाचा. बाबांनी बर्डीच्या बाजारातून घेऊन दिला होता, "हलका आहे, कॉलेजात नेता येईल" म्हणून. जीटीएचा जुना गेम व्हाइस सिटी मस्त चालायचा, पण दादाला त्यातला नवा, जड जीटीए फोरच पाहिजे. पाच मिनिटं गाडी नीट पळायची, मग चित्र अडकायला लागायचं. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, हे तेव्हा कुठं माहीत! आम्हाला वाटायचं गेमच खराब. शेवटी दादानं पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं लॅपटॉपच्या मागच्या बाजूला खाली ठेवली, कूलर आमच्याकडे वळवला, आणि रात्री अकरानंतर खेळायचं ठरलं. एक मिशन तो, एक मी. दादा आता पुण्यात आहे. झाकणं बॅगच्या कप्प्यात तशीच होती, निळी.

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा ना.

तर्री जास्त
झाकणं!!! आम्ही खोडरबर लावायचो. हवा खालच्या जाळीतून आत जाते, गादीवर ठेवला की जाळीच बंद. माझा रूममेट मांडीवरच ठेवून खेळायचा, लाल चट्टा आला होता त्याच्या. आणि खोलीच ३८ वर असली तर पंखा आत तरी काय ओढणार, गरमच हवा ना भाऊ.

मानेवाडा
कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका हो, हात जोडून सांगतो. ओली हवा असते. माझी स्पेसबार चिकट झाली, मग कीबोर्डच बदलावा लागला. कूलर खोलीत चालू द्या, लॅपटॉप बाजूला ठेवा.

प्राजक्ता_काटोल
मी जड गेम कधी खेळलीच नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री जागायला मी असायची. आवाज बंद करून स्टारड्यू व्हॅली. एकट्या माणसानं बनवलेला गेम, २०१६ चा, शेतीचा. साध्या लॅपटॉपवर पंख्याचा आवाजही होत नाही, बाजूच्या पेशंटची झोप मोडत नाही.

आईचं माहेर संत्र्याच्या बागेतलं. सकाळी डोळे उघडले की विचारायची, "आज काय लावलं?" एकदा सांगितलं, संत्र्याचं झाड लावलं, २८ दिवसांत मोठं होते. तर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "चार-पाच वर्षं लागतात वो बाई! अन् बहार कोणता धरते, आंबिया का मृग?" गेममध्ये उन्हाळ्यात फळ येते म्हटलं तर बराच वेळ विचार करत राहिली. नर्सबाईलाही सांगितलं तिनं.

तर्री जास्त
प्राजक्ताताई 🙏 आई कशा आहेत आता?

प्राजक्ता_काटोल
बरी आहे. मार्चमध्ये मामाकडे मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी बघून आली. आता मलाच विचारते, तुझ्या झाडाला किती लागले.

धरमपेठचा धाकटा
पोळ्या लाटता लाटता लिहून राहिलो, चुकलं तर समजून घ्या. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला फ्रेम (चित्रं) ६० ऐवजी ३० वर बांधून टाका, रिझोल्यूशन ७२० करा. खूप फरक पडते. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका, प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स रॅममधूनच काम करते. पण बऱ्याच स्लिम मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच चिकटलेली असते, आधी बघून घ्या.

मानेवाडा
@वाळ्याची ताटी, नाव वाचून विचारतो, कूलरला नवीन ताट्या टाकल्या का? नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आला.

वाळ्याची ताटी
दोन बाजूंना टाकल्या, तिसरी राहिली. पंप पाणीच वर चढवत नाहीये.

मानेवाडा
पंपाची जाळी काढून ब्रशनं घासा, क्षार जमतो.

गोधनीवाली
ताई, तो जुना लॅपटॉप चार्जिंगला ठेवून देऊ नका. टचपॅड वर आलंय का ते बघा. माझ्या भावाचा असाच वर्षभर कपाटात होता, बॅटरी फुगून टचपॅड उचललं होतं. नशीब वेळेत दिसलं. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, दुकानात नेऊन काढून घ्या.

वाळ्याची ताटी
आत्ताच पाहिलं. डावा कोपरा थोडा उचललाय 😟 चार्जर काढला, गॅलरीत सावलीत ठेवलाय. उद्या नेते. थँक्यू गं.
दादाला झाकणांचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, तीन मिशन राहिली होती म्हणे.