मदत हवी आहे: कॉर्न स्नेकचं पिल्लू काहीच खात नाहीये

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो. लेकीच्या हट्टाखातर कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलंय. बिनविषारी, पेन्सिलीपेक्षा बारीक, जेमतेम दीड वीत लांब. आज १२ दिवस झाले, पोटात कण नाही. जीव टांगणीला लागलाय.

पहिला आठवडा हात लावला नाही. मग गोठवलेलं उंदराचं गुलाबी पिल्लू कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने पुढे धरलं. त्याने मान मागे घेतली आणि सरळ भुशात शिरलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. पेटीची एक बाजू २९ अंश सेल्सिअस, दुसरी २४. थर्मोस्टॅट आहे, दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याची वाटी.

कालपासून डोळे दुधाळ-निळसर दिसताहेत. कात टाकणार बहुतेक. मग तोवर खाणं दाखवूच नये का? कातीनंतर किती दिवसांनी द्यायचं? रात्री अंधारात, छोट्या डब्यात ठेवून कुणी भरवलंय का? आणि सापांच्या डॉक्टरकडे नेमकं कधी न्यायचं?

गावाहून आई फोनवर म्हणते, वाटीत दूध ठेव. ते मी करणार नाही, सापाला दूध पचत नाही. पण तिलाही रोज विचारावंसं वाटतं, "खाल्लं का गं त्याने?"