मारबत वर्षातून एकदाच काहून? खोडकरपणा रोज पाहिजे

इतवारीचा पोट्टा: पोळ्याच्या पाडव्याला आपल्या नागपुरात जे होते ते मले लय मोलाचं वाटते. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत ते बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे बसलं असन ते, नेत्यांचे पण निघतात, आणि "घेऊन जा गे मारबत" ओरडत सगळं जाळून टाकतात. जगभरच्या लोककथांत असा एक खोडकर असतेच, त्याले ट्रिकस्टर म्हणतात, आपला लोणीचोर कान्हा घ्या नाहीतर घानातल्या अकान लोकांचा अनान्सी कोळी घ्या. अनान्सीच्या गोष्टी गुलाम करून नेलेल्या लोकांसोबत जमैकात पोचल्या, आता मळ्यात राबणारा माणूस, ज्याले मालकासमोर तोंड उघडायची सोय नाही, तो रात्री ऐकते का एवढुसा कोळी वाघाले फसवून राहिला, त्याले किती बळ येत असन सांगा. आपण मात्र खेळ तान्ह्या पोळ्यापुरता ठेवला, पोट्ट्यांनी लाकडी बैल फिरवावा, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घ्यावे, बस. मोठ्यांनी गंभीर राहायचं. शाळेत, ऑफिसात, ग्रामसभेत वर्षभर असा कोणीतरी पाहिजे जो मोठ्या माणसाची टोपी उडवू शकते.

महालवाली: काळी मारबत कोणाची म्हणून जाळतात ते पण लिहा ना भाऊ. नागपूरच्या राजघराण्यातल्या बंकाबाई भोसले इंग्रजांना मिळाल्या म्हणून, असंच सगळे सांगतात. पण नागपूरचे राजे तिसरे रघुजी १८५३ ला वारस नसताना गेले आणि १८५४ ला इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केलं, त्याचं धोरणच ते होतं, सातारा झाशी पण तसंच गेलं. मग डलहौसीचा पुतळा का नाही? बाई सापडली म्हणून बाई. गर्दीच्या खेळात नेहमी असंच होतं, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही तोच जळतो.

इतवारीचा पोट्टा: मारबतीत फक्त बंकाबाई नाही न, रोगराई, इडापिडा पण जाते.

महालवाली: जाते, पण तिचं नाव राहतं ना.

हॉस्टेलचा माजी: मला तर हा विषयच धोक्याचा वाटतो. रॅगिंग करणारे सिनिअर पण हेच म्हणायचे, मजाक करून राहिलो बे, एवढं काय मनावर घेतो. आता रस्त्यावर भाजीवाल्या म्हाताऱ्याला घाबरवून व्हिडिओ काढतात त्याला पण मजाकच म्हणतात. कोणी तक्रार केली तर त्यालाच हसता येत नाही म्हणून मोकळे. आधी साधी माणुसकी येऊ द्या, मग खोडकरपणाचं पाहू.

इतवारीचा पोट्टा: हॉस्टेलवाले भाऊ, तुमचा राग खरा आहे पण तो खोडकर नाही, तो गुंड आहे. कान्ह्याला यशोदेने उखळाला बांधलं, अनान्सी कित्येक गोष्टीत स्वतःच्याच जाळ्यात अडकते, म्हणजे खऱ्या खोडकराले मार पण खावा लागते, सिनिअरले काय भोगावं लागलं? आणि आपल्या वऱ्हाडातच पाहा, गाडगेबाबा. हातात झाडू, अंगावर चिंध्या, कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोक हसत हसत उत्तर द्यायचे आणि त्या उत्तरातच नवसाचं, कर्ज काढून केलेल्या सणाचं सगळं उघडं पडायचं. शेणगावचा शिकलेला नसलेला माणूस, पण एखाद्या गरिबाले हसं केलं का त्यानं? दारू, हुंडा, बकऱ्याचा बळी यावरच घाव. भाषण देऊन हे झालं नसतं, लोक उठून गेले असते.

महालवाली: गाडगेबाबा मान्य, शंभर टक्के. पण ते एकटे उभे राहून बोलायचे, गर्दीमागे लपून नाही. आणि बडग्यावर काय लिहायचं हे आज कोण ठरवतं? मंडळातले पुरुषच ना. पुढच्या पाडव्याला एक बडग्या मोहल्ल्यातल्या बायांकडे द्या, आम्ही हुंड्यापासून सुरू करू, नावं नाही घेणार पण वळणं अशी घेऊ की ज्याला कळायचं त्याला कळेल. विचारा तुमच्या मंडळात आणि इथेच येऊन सांगा काय म्हणाले ते.