उन्हाळी कोर्सची पटसंख्या आणि शिकवण्याचा खर्च एक्सेलमध्ये कसा ठेवावा?

चोपडेकर:
आमच्या महाविद्यालयात एप्रिल-मेमध्ये विनाअनुदान तत्त्वावर अल्पमुदतीचे कोर्स चालतात: टॅली, स्पोकन इंग्लिश, माती-पाणी परीक्षण वगैरे. नोंदणीचा आकडा ऑफिसचा एक, हजेरीपटाचा दुसरा, बँकेचा तिसराच. कोणता कोर्स तोट्यात गेला ते थेट जूनमध्ये कळतं. सॉफ्टवेअर घेणार नाहीत, एक्सेलच आहे. मांडणी कशी करावी?

हिशेबनीस:
सर, तीन शीट करा: नोंदणी, झालेले तास, खर्च. तिन्हींत कोर्स-कोड आणि बॅच सारखीच हवी, तीही ड्रॉपडाउनमधून. हाताने टाइप केलं की ‘टॅली१’ आणि ‘टॅली १’ हे एक्सेलला दोन वेगळे कोर्स वाटतात आणि बेरीज चुकते.

नोंदणीत एक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याचा एक कोर्स. दोन कोर्स घेणारा दोन ओळींत येणार, म्हणून नोंदण्या आणि विद्यार्थी हे आकडे वेगळे दाखवा. विद्यार्थी पीआरएनवरून (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावरून) मोजा, नावावरून नको. आपल्याकडे पाटील-महाजनांत एकाच नावाचे दोघं निघतातच. बाकी कॉलम: ठरलेली फी, जमा फी, पावती क्रमांक, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक), स्थिती, स्थिती बदलल्याची तारीख, परतावा. कोर्स सोडला तरी ओळ पुसू नका, फक्त स्थिती बदला. ओळी पुसल्यामुळेच ऑफिस आणि बँक जुळत नाही.

पटाचा आकडा तीन वेळा नोंदवून तसाच गोठवून ठेवा: पहिल्या दिवशी, पहिला आठवडा संपल्यावर आणि परीक्षेला. मधला आकडा सर्वांत कामाचा. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईत गळती ठरलेलीच, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या पटावर बजेट बांधू नये.

तापीकाठ:
खर्चाचं सांगतो. मानधन वेळापत्रकावरून काढू नका, सहीच्या मस्टरवरून काढा. उन्हामुळे बॅच सकाळी ७ ला घेतली तरी तास रद्द होतात, भरपाईचे तास नंतर पडतात. ‘ठरलेले’ आणि ‘झालेले’ असे दोन कॉलम लागतीलच.

खरी गडबड दराची होते. ठराव ‘प्रति तास ५००’ असा आणि तासिका ४८ मिनिटांची. ३० घड्याळी तास म्हणजे ३७.५ तासिका. घड्याळाने १५,००० होतात, तासिकेने १८,७५०. एका कोर्समागे ३,७५० चा फरक, आणि बिल आल्यावर वाद. ठरावातच ‘६० मिनिटांचा तास’ लिहून घ्या. दोघांनी मिळून घेतलेला तास दोघांच्या नावावर पूर्ण धरू नका. ठरल्याप्रमाणे वाटून घाला.

ना नफा ना तोट्याचा पट असा काढा. मानधन १५,००० आणि लॅब सहायक ३,००० मिळून स्थिर खर्च १८,०००. फी १,२०० असून त्यातले २०० नोट्स-प्रमाणपत्राचे, म्हणजे माणशी उरतात १,०००. किमान १८ जण हवेत. पहिल्या दिवशी २४ असले तर माणशी शिकवण्याचा खर्च ७५० दिसतो, शेवटी १६ राहिले की तोच १,१२५ होतो. परताव्याची मुदत पहिल्या आठवड्यातच संपवली नाही, तर जागा रिकामी आणि फीही परत.

वीज, जनरेटरचं डिझेल, शिपायाचा भत्ता हे शिकवण्याच्या खर्चात घुसडू नका. वेगळ्या ओळीत ठेवा, नाहीतर कोर्स महाग का पडला हेच कळत नाही.

चोपडेकर:
काही मुलांनी मार्चमध्येच फी भरली, वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले. ती कोणत्या वर्षात धरायची?

हिशेबनीस:
उपार्जित पद्धतीने (पैसे कधी आले-गेले यापेक्षा उत्पन्न-खर्च कोणत्या वर्षाचा ते पाहून) हिशेब असेल तर ३१ मार्चला ती ‘आगाऊ मिळालेली फी’ म्हणून देण्याच्या बाजूला, आणि नव्या वर्षात उत्पन्नात. तसं केलं नाही तर उत्पन्न जुन्या वर्षात, मानधन नव्या वर्षात, आणि चांगला चाललेला कोर्सही कागदावर तोट्यात. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवत असाल तर खातेवहीला हात लावू नका. कोर्सच्या शीटमध्ये मात्र ‘उन्हाळी सत्र’ असा कॉलम टाकून मार्चची फी त्यात घ्या. आणि फी ऑनलाइन पेमेंट गेटवेने आली असेल तर जमा फीत पूर्ण रक्कमच लिहा, कापलेलं शुल्क खर्चात. बँक जुळवताना तेवढाच फरक उरला पाहिजे.