स्क्रू कॉम्प्रेसर घेतोय, वॉरंटीनंतरच्या पार्ट्सचं आधी काय विचारावं?

प्रश्न:
३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचाय. दोन पाळ्या, वर्षाला साधारण ५,००० तास. दोन कोटेशनं आली आहेत, वॉरंटी सारखीच, पण एक बरंच स्वस्त. खरेदीवाले तेच घ्या म्हणतात. सांभाळायचा मात्र मला आहे. काय बघू?

उत्तर:
मी बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. आमचा एक कॉम्प्रेसर सातव्या वर्षी बंद पडला. एअरएंड (प्रत्यक्ष हवा दाबणारा स्क्रूचा भाग) ठणठणीत, मोटर ठणठणीत, गेला होता फक्त कंट्रोलर. ते मॉडेल बंद झालेलं. नवीन बसवायचा तर सेन्सर आणि वायरिंगही बदला म्हणाले. अकरा दिवस भाड्याच्या मशीनवर लाइन चालवली. तेव्हापासून कोटेशनसोबतच पार्ट नंबरांसकट स्पेअरची यादी मागतो.

फिल्टर, तेल यांत फार वेळ घालवू नका, ते मिळतं. अडतं ते एअरएंड, कंट्रोलर, इन्व्हर्टर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा), कूलर आणि इनटेक व्हॉल्व्हच्या किटला. तुमच्या हिशोबाने आठ वर्षांत ४०,००० तास होतील, आणि बऱ्याच एअरएंडची बेअरिंगं साधारण त्याच सुमारास बदलायला येतात. म्हणून आत्ताच विचारा: एअरएंड उघडून दुरुस्त करणार की बदलून दुसरा देणार? किती दिवसांत? तोवर पर्यायी मशीन कोण देणार? तोंडी नको, ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

मोटरही बघा. स्टँडर्ड फ्रेमची (ठरलेल्या मापाची), कपलिंगवर (मधल्या जोडणीवर) असेल तर बेअरिंग बाजारात मिळतं, रिवाइंडिंग कुणीही करतं. परमनंट मॅग्नेटवाली थेट एअरएंडच्या रोटरच्या शाफ्टवर बसवलेली असेल तर वीज वाचते, पण बिघडली की मूळ कंपनीशिवाय हलता येत नाही.

दुसरं उत्तर:
वरचं सगळं मान्य, फक्त फिल्टरसारखाच सेपरेटरही (हवेतून तेल वेगळं करणारा) 'मिळतो' म्हणून कुठलाही बसवू नका. तो तुंबला की मशीनला जास्त दाब काढावा लागतो, आणि दर जादा बार दाबामागे वीज साधारण ७ टक्क्यांनी वाढते. कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा विजेचाच असतो. हलक्या सेपरेटरमधून तेल हवेच्या लाइनमध्ये जातं ते वेगळंच.

प्रश्नकर्ता:
दोघांकडेही यादी मागितली. महागवाल्याची त्याच संध्याकाळी आली, एअरएंडच्या मुदतीसकट. स्वस्तवाला म्हणतो, आधी ऑर्डर द्या, मग बघू.

पहिलं उत्तर देणारा:
मग अर्धं काम झालं. आता महागवाल्याकडून, तुम्ही घेताय त्याच मॉडेलची मशीन सात-आठ वर्षं वापरणाऱ्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते घ्या. जाऊन बघा. मॅनेजरशी बोलू नका, पाना हातात असतो त्या माणसाला विचारा: शेवटचा पार्ट कधी मागवला आणि कधी आला?