अक्कलदाढ काढल्यावर शेजारच्या दाढेचे आणि हिरडीचे काय होते?

निशिगंध :
नमस्कार. माझे वय ३१ आहे. खालची उजवी अक्कलदाढ अर्धीच वर आलेली असून ती पुढच्या दाढेवर कलली आहे. वर्षभरात तिच्यावरची हिरडी तीनदा सुजली आणि मागच्या खेपेला तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) पाहून डॉक्टरांनी दाढ काढायला सांगितले आहे. मला दाढ काढण्याची तितकीशी भीती वाटत नाही, काळजी आहे ती शेजारच्या धडधाकट दाढेची. माझ्या मावशीची अक्कलदाढ काढल्यावर शेजारच्या दाढेला गार पाणी लागले की कळ जाऊ लागली आणि तिथली हिरडीही खाली गेली. शेजारची दाढ खिळखिळी होते का? हिरडी पुन्हा भरून येते का?

दंतवैद्य_कोल्हापूर :
शेजारच्या दाढेचे नुकसान बहुधा अक्कलदाढ काढण्याच्या आधीच, ती कललेल्या अवस्थेत राहिल्यामुळे सुरू झालेले असते. कललेल्या दाढेचा माथा शेजारच्या दाढेच्या पाठीला टेकतो, त्या फटीत ब्रश पोहोचत नाही आणि भाताचे शीत तिथेच कुजत राहते. मग हिरडीच्या आड, आरशात दिसणार नाही अशा जागी, कीड लागते किंवा दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खिसा तयार होऊन आतले हाड झिजू लागते.

दाढ काढताना दाब पडल्यामुळे शेजारची दाढ काही दिवस दुखरी वाटू शकते, पण निरोगी दाढ त्यामुळे कायमची खिळखिळी होत नाही. तिच्यावर मोठे फिलिंग किंवा कॅप असेल, तर मात्र ते डॉक्टरांच्या आधीच कानावर घालावे, कारण ते निसटण्याची शक्यता असते.

जखमेचे तोंड साधारण तीन-चार आठवड्यांत मिटते. आतले हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात. मधल्या काळात शेजारच्या दाढेचे मूळ थोडे उघडे राहून कळ येऊ शकते, आणि मावशींना झालेला त्रास बहुधा हाच असावा. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो. परंतु खिसा आधीच खोल असेल आणि वय पंचविशीच्या पुढे गेले असेल, तर हाड पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून दाढ काढण्याआधी शेजारच्या दाढेमागच्या खिशाची खोली मोजून घ्या. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजली, म्हणजे हिरडी सावरली की नाही हे अंदाजावर राहत नाही.

पाऊलवाट :
माझा अनुभव सांगतो. दाढ काढल्यावर तिसऱ्याच दिवशी मी सिगारेट ओढली आणि चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका सुरू झाला. जखमेतली रक्ताची गाठ निघून आतले हाड उघडे पडले होते. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांपैकी काहीही असेल, तर कृपया आधीच बंद करा.

दुसरी चूक अशी, की जखमेला धक्का लागेल या भीतीने मी महिनाभर त्या बाजूला ब्रशच लावला नाही. शेजारच्या दाढेच्या पाठीवर कीटण साचले आणि हिरडीतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी आरसा हातात देऊन दाखवले, की तोंड मोठे उघडले की गाल ताणला जातो आणि मागे जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटून, लहान डोक्याचा ब्रश तिरका आत नेला की तो अगदी शेवटच्या दाढेच्या पाठीपर्यंत जातो. तेव्हापासून मी तसेच करतो.

निशिगंध :
दोघांचेही मनापासून आभार. डावी अक्कलदाढ पूर्णपणे हाडात आहे आणि तिचा काहीच त्रास नाही. तीही याच वेळी काढून टाकावी का?

दंतवैद्य_कोल्हापूर :
केवळ भविष्यात त्रास होईल या भीतीने काढू नये, असे माझे मत आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेनेही २००० साली निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा काढू नयेत, अशीच सूचना दिली होती. पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून ती काढावी, हे कारणही पुराव्यावर टिकत नाही. तिच्यावर एक्स-रेने अधूनमधून लक्ष ठेवणे पुरे. उजवीकडच्या वरच्या अक्कलदाढेबद्दल मात्र आवर्जून विचारा, कारण खालची निघाल्यावर वरचीला टेकायला काही उरत नाही आणि ती हळूहळू खाली उतरून समोरच्या हिरडीला चावू लागते.